वेदीवरील द्राक्षारस आणि सेंद्रिय मळ्यातील तांबडी वाइन

नाशिकच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची संख्या अलीकडे वाढली आहे. उत्तन, डोंगरी, भाईंदर किंवा मीरा रोड येथील भाविक तेथून परतताना द्राक्षांबरोबर वाइनची एखादी बाटलीही आणतात. त्या बाटलीवर ‘सेंद्रिय’ किंवा ‘कौटुंबिक द्राक्षमळा’ असे शब्द छापलेले असले, की ती इतर वाइनपेक्षा शुद्ध असणार आणि म्हणून पवित्र मिस्साबलीसाठी अधिक योग्य ठरणार, असा समज सहज होतो. काही भाविक अशी बाटली चर्चच्या सांक्रिस्तीसाठी भेट म्हणून देऊ इच्छितात. भावना स्तुत्य आहे. परंतु समज तपासून पाहणे आवश्यक आहे. सेंद्रिय हा शब्द जमिनीविषयी आणि शेतीच्या पद्धतीविषयी बोलतो. ख्रिस्तसभेचा नियम पेल्यात काय आहे याविषयी बोलतो. या दोन कसोट्या कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळ्या होतात, हे सांगण्यासाठी ही माहिती संकलित केली आहे.

शब्दांचा अर्थ

मराठी पवित्र शास्त्रात ‘द्राक्षारस’ हा शब्द आंबवलेल्या रसासाठी, म्हणजे वाइनसाठी येतो. काना गावच्या लग्नात संपलेला आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने हाती घेतलेला तो हाच द्राक्षारस. बाजारात मात्र द्राक्षारस म्हणजे द्राक्षांचा गोड, न आंबवलेला रस, असाही अर्थ घेतला जातो. दुसऱ्या बाजूला ‘वाइन’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरतात. जांभळाची वाइन, आल्याची वाइन, अननसाची वाइन असे प्रकार सणासमारंभात ऐकू येतात. ही पेये चवीला चांगली असतील. पण ख्रिस्तसभेच्या अर्थाने ती द्राक्षारस नव्हेत. या लेखात वाइन म्हणजे केवळ द्राक्षांची वाइन, असे समजावे.

ख्रिस्तसभेचा नियम

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनन कायद्यातील ९२४ वे कलम हा या विषयाचा पाया होय. त्यानुसार मिस्साबली भाकर आणि द्राक्षारस यांनीच अर्पण करावयाचा असतो व द्राक्षारसात किंचित पाणी मिसळावयाचे असते. द्राक्षारस द्राक्षवेलीच्या फळापासून बनलेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३२२ व्या परिच्छेदात हाच नियम आहे. तो शुद्ध असावा व त्यात बाहेरचे पदार्थ मिसळलेले नसावेत, असे तेथे स्पष्ट केले आहे. पुढील परिच्छेदात तो आंबून शिरका होणार नाही याची दक्षता घेण्यास सांगितले आहे.

२५ मार्च २००४ ही तारीख असलेल्या ‘रिडेम्प्शनिस साक्रामेंतुम’ या सूचनापत्राच्या ५० व्या परिच्छेदाने आणखी एक बंधन घातले. ज्या द्राक्षारसाच्या शुद्धतेविषयी किंवा उगमाविषयी शंका आहे, तो वापरण्यास मनाई आहे. इतर कोणतेही पेय कोणत्याही सबबीखाली चालत नाही. अशा पेयाने मिस्साबली केवळ अयोग्य ठरतो असे नव्हे, तर तो साक्रामेंतच घडत नाही. म्हणून हा प्रश्न चवीचा किंवा प्रतिष्ठेचा नसून भाविकांच्या हक्काचा आहे. वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या माणसाला समोरच्या पेल्याविषयी खात्री बाळगण्याचा अधिकार आहे.

त्यानंतर १५ जून २०१७ रोजी रोममधील उपासनाविधीविषयक धर्ममंडळाने जगातील सर्व बिशपांना पत्र पाठवले. पूर्वी मिस्सेसाठी लागणारी भाकर व द्राक्षारस मठांतील धर्मभगिनी वा धर्मबंधू तयार करीत. आता या वस्तू दुकानांत, मोठ्या विक्रीकेंद्रांत आणि इंटरनेटवरही मिळू लागल्या आहेत, याकडे पत्राने लक्ष वेधले. या वस्तूंच्या योग्यतेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी बिशपांची असून त्यासाठी प्रमाणपत्राची व्यवस्थाही करता येईल, असे त्यात सुचवले होते. याच पत्रात जनुकीय बदल केलेल्या पिकांपासून बनलेली भाकर व द्राक्षारसही ग्राह्य धरता येतो, असे नमूद आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: वेदीवरील द्राक्षारस सेंद्रियच असावा, अशी अट ख्रिस्तसभेने घातलेली नाही.

रंगाचीही अट नाही. तांबडी किंवा पांढरी, दोन्ही वाइन चालतात. पांढऱ्या वाइनचे डाग वेदीवरील वस्त्रांवर पडत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी ती पसंत केली जाते. प्रभूच्या रक्ताची खूण डोळ्यांना दिसावी, म्हणून काही ठिकाणी तांबडी वापरतात.

तांबडी वाइन कशी तयार होते

वाइनचा रंग द्राक्षाच्या रसात नसतो, तो सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही पांढरटच निघतो. तांबड्या वाइनसाठी द्राक्षे ठेचून रस, साली आणि बिया एकत्र ठेवतात. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातील साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. एका लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होते. म्हणून चांगल्या पिकलेल्या द्राक्षांची वाइन साधारणतः १२ ते १४ टक्के मद्यार्काची होते. या काळात सालींतून रंग, सुवास आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा रसात उतरतो. पुढे साली दाबून वेगळ्या काढतात. उत्तम प्रतीची वाइन काही महिने ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. असे पिंप बहुधा २२५ लिटरचे असते. ७५० मिलीलिटरच्या एका बाटलीला साधारण एक किलो किंवा थोडी अधिक द्राक्षे लागतात.

या सर्व टप्प्यांत वाइन बिघडू नये म्हणून गंधकाचा अल्प अंश वापरण्याची पद्धत जुनी आहे. आंबण्याच्या क्रियेतही थोडे गंधकसंयुग आपोआप तयार होते. त्यामुळे बाटलीवर सल्फाइट असल्याची सूचना दिसली, म्हणून ती वाइन बनावट ठरत नाही. वरून घातलेली साखर, रंग, कृत्रिम सुवास किंवा दुसऱ्या फळाचा रस मात्र मिस्सेच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. यांपैकी काय मिसळले आहे व काय नाही, हे बाटलीच्या देखण्या वेष्टनावरून नेहमी कळत नाही.

सेंद्रिय म्हणजे काय

सेंद्रिय मळ्यात रासायनिक खते, तणनाशके आणि कृत्रिम कीडनाशके वापरत नाहीत. त्याऐवजी शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत, ताग किंवा धैंचा गाडून केलेले हिरवळीचे खत आणि ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशीचा आधार घेतात. भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अस्तित्वात आहे. द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला सेंद्रिय म्हणवून घेण्यापूर्वी तीन वर्षांचा संक्रमणकाळ पार करावा लागतो. या तीन वर्षांत शेतकऱ्याला कष्ट सेंद्रिय शेतीचे आणि भाव साध्या मालाचा, अशी कसरत करावी लागते. देशात विकल्या जाणाऱ्या प्रमाणित सेंद्रिय खाद्यपदार्थांवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते.

द्राक्षाच्या बाबतीत हे काम विशेष अवघड आहे. केवडा, भुरी आणि करपा हे रोग महाराष्ट्रातील प्रत्येक बागायतदाराच्या परिचयाचे आहेत. गोडी छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला, की केवड्याने काही दिवसांत घड जातात. सेंद्रिय बागायतदाराच्या हाती अशा वेळी मोजकीच साधने उरतात: मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, गंधक आणि बागेत हवा खेळती ठेवण्यासाठी केलेली पानांची विरळणी. यातही सावधगिरी लागते, कारण तांबे जमिनीत साचून राहते. युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय म्हणजे फवारणी अजिबात नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे.

मळा सेंद्रिय असणे आणि वाइन सेंद्रिय असणे, याही दोन भिन्न गोष्टी आहेत. युरोपात २०१२ पर्यंत केवळ ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे. त्या वर्षी तळघरातील प्रक्रियेचेही नियम ठरले आणि मग ‘सेंद्रिय वाइन’ हा शब्द अधिकृत झाला. कोरड्या तांबड्या वाइनमध्ये गंधकाची मर्यादा एरवी लिटरला १५० मिलीग्रॅम आहे. सेंद्रिय वाइनसाठी ती १०० मिलीग्रॅम ठरवण्यात आली.

नाशिक आणि अकलूजचे द्राक्षमळे

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनउद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी केली. नाशिकला कलाटणी मिळाली ती राजीव सामंत यांच्यामुळे. गंगापूर धरणाजवळील आपल्या कुटुंबाच्या जमिनीत त्यांनी १९९७ साली वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे यतिन व किरण पाटील या दांपत्याने ‘रेव्हिलो’ ही वाइन उभी केली. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ची स्थापना केली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. त्यांची ‘सेत्ते’ ही तांबडी वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची असते.

युरोपात थंडीत वेल झोपी जातो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. पीक मात्र एकच घेतात. जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत दिवसा ऊन आणि रात्री गारवा असताना वाइनची द्राक्षे खुडली जातात.

राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि अनेक शेतकरी या पिकाकडे वळले. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घसरली. अनेकांची द्राक्षे विकली गेली नाहीत आणि काहींनी जोपासलेले वाइनचे वेल उपटून टाकले. वाइनची द्राक्षे खाण्यासाठी फारशी विकली जात नाहीत. कारखान्याने घेतली नाहीत तर शेतकऱ्याला दुसरी वाट नसते. उंची वाइनचा पेला उचलताना हा धोका कोणी पत्करला, याची आठवण ठेवणे न्यायाचे ठरेल.

येथे पवित्र शास्त्रातील नाबोथची गोष्ट आठवते. राजा अहाबने मोबदला देऊ केला असतानाही वाडवडिलांचा द्राक्षमळा विकण्यास नाबोथने नकार दिला आणि त्यासाठी त्याला प्राण गमवावे लागले. कौटुंबिक मळा ही केवळ विक्रीची जाहिरात नसून वारशाची जबाबदारी आहे, हे धारावी बेटावरील आपल्या शेतकरी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. तथापि कौटुंबिक म्हणजे सेंद्रिय नव्हे आणि सेंद्रिय म्हणजे कौटुंबिक नव्हे. वर उल्लेखिलेली नावे इतिहासाचा भाग म्हणून दिली आहेत. त्यांपैकी कोणाच्या मालाची येथे शिफारस नाही किंवा तो सेंद्रिय असल्याचा दावाही नाही.

पोपमहोदयांचा मळा

कुटुंबाचा मळा, सेंद्रिय शेती आणि उत्तम तांबडी वाइन या तिन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील, तर दक्षिण फ्रान्समधील शातोनफ-द्यु-पाप या गावाचे उदाहरण घ्यावे लागेल. या नावाचा अर्थ ‘पोपचा नवा किल्ला’ असा होतो. १३०९ ते १३७७ या काळात पोपमहोदयांचे वास्तव्य आव्हिन्यों येथे होते. १३१६ ते १३३४ या काळात ख्रिस्तसभेची धुरा वाहणारे पोप जॉन बाविसावे यांनी या गावात किल्ला बांधवून घेतला आणि तेथील मळ्यांना उत्तेजन दिले. आजही तेथील अनेक बाटल्यांच्या काचेवर पोपपदाचे चिन्ह उठवलेले असते.

या परिसरातील ‘शातो द बोकास्तेल’ हा मळा विसाव्या शतकाच्या आरंभापासून पेराँ कुटुंबाकडे आहे. जाक पेराँ यांनी त्या शतकाच्या मध्यास, सेंद्रिय हा शब्द लोकप्रिय होण्याच्या पुष्कळ आधी, रासायनिक खते व कीडनाशके यांचा त्याग केला. गोल गुळगुळीत दगडगोट्यांच्या जमिनीत ग्रेनाश, मूर्वेद्र आणि इतर अनेक जातींची द्राक्षे तेथे वाढतात. तेथील नियमांनुसार द्राक्षे हातानेच खुडावी लागतात. एका पिढीने जमीन राखली आणि पुढच्या पिढ्यांना त्याचे फळ मिळाले, हाच या मळ्याचा धडा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर मानून तिची जपणूक करण्यास सांगितले. त्या शिकवणुकीचा शेतीतील अर्थ अशा मळ्यात दिसतो.

तरीही लक्षात ठेवावे, की एवढ्या नामांकित वाइनलाही वेदीवर वेगळा मान नाही. अभिषेकाच्या शब्दांपूर्वी ती इतर शुद्ध वाइनसारखीच एक वाइन असते.

धर्मग्रामांसाठी व्यवहार्य सूचना

मीरा-भाईंदरची चर्चेस मुंबई महाधर्मप्रांतात येतात. वसईच्या खाडीपलीकडे १९९८ साली स्थापन झालेला वसई धर्मप्रांत सुरू होतो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. मिस्सेचा द्राक्षारस धर्मप्रांताने मान्य केलेल्या स्रोताकडूनच घ्यावा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची स्वतंत्र तरतूद आहे. केरळात धर्मप्रांतांना मिस्सेची वाइन बनवण्यासाठी उत्पादनशुल्क खात्याचा परवाना दिला जातो. परवान्यावाचून मद्य तयार करणे आपल्या राज्यात गुन्हा आहे, हेही विसरू नये.

भाविकांनी सप्रेम दिलेली बाटली धर्मगुरूंनी नम्रतेने स्वीकारावी. पण तिचा उगम व घटक यांची खात्री होईपर्यंत ती वेदीवर नेऊ नये. सणाच्या भोजनासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

काळ्या मनुकांची घरगुती वाइन हा वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे. मनुका हीही द्राक्षेच. त्यामुळे केवळ मनुका आणि पाणी यांपासून बनलेला, रंगाने व चवीने खरी वाइन ठरणारा रस तत्त्वतः ग्राह्य मानला गेला आहे. आपल्या घरांतील नाताळच्या कृतीत मात्र साखर, गहू, मसाले आणि कधी करपवलेली साखरही असते. ती वाइन मिस्सेसाठी चालत नाही. जांभूळ, आले, अननस यांची पेये तर कोणत्याही स्थितीत चालत नाहीत.

साठवणुकीकडेही लक्ष हवे. उत्तनसारख्या किनाऱ्यावरील दमट व उष्ण हवेत उघडलेली बाटली लवकर खराब होते. लहान बाटल्या घ्याव्यात, उघडल्यावर घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवाव्यात आणि वापरण्यापूर्वी वास घेऊन पाहावा. शिरक्याचा उग्र वास आला तर तो द्राक्षारस वापरू नये. सेंद्रिय वाइनमध्ये गंधक कमी असल्यास ती अधिक लवकर बिघडते, हेही ध्यानात घ्यावे.

पेला आणि व्यसन

वाइनविषयी लिहिताना व्यसनाचा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कोणाला अपरिचित नाहीत. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि समाजाचे आरोग्य यांवर मोठा वाद झाला व विरोधामुळे तो निर्णय रखडला. दोन्ही बाजूंच्या चिंता खऱ्या होत्या.

पवित्र शास्त्रातही दोन्ही बाजू आहेत. सिराखचा ग्रंथ द्राक्षारसाला माणसाच्या आनंदासाठी दिलेले दान मानतो, पण मर्यादेची अट घालतो. पौल तिमथीला पोटाच्या आजारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो आणि इफिसकरांना मद्याने मस्त होण्यापासून परावृत्त करतो. आधुनिक वैद्यकाचे मत अधिक कठोर आहे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. तांबडी वाइन हृदयाला औषध आहे, हा समज म्हणून सोडून द्यावा. द्राक्षे सेंद्रिय असली तरी मद्यार्क तेच असते, यकृताला दोहोंतला भेद कळत नाही.

व्यसनमुक्तीच्या वाटेवरील माणसाला एक थेंबही घातक ठरू शकतो, याची जाणीव ख्रिस्तसभेला आहे. ज्या धर्मगुरूंना मद्य वर्ज्य आहे, त्यांना बिशपांच्या परवानगीने ‘मुस्तुम’ वापरता येतो. २४ जुलै २००३ रोजी रोमने याविषयी नियम स्पष्ट केले. मुस्तुम म्हणजे ताजा किंवा टिकवलेला असा द्राक्षांचा रस, ज्याचे स्वरूप न बदलता त्याचे आंबणे थांबवलेले असते. भाविकांच्या बाबतीत केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त संपूर्णपणे लाभतो, म्हणून पेल्यापासून दूर राहण्यात संकोच बाळगू नये. ज्यांना मदतीची गरज आहे, त्यांच्यासाठी फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेले कृपा फाउंडेशन कार्यरत आहे.

सारांश असा: सेंद्रिय मळ्यातील उत्तम तांबडी वाइन हे भूमीविषयी राखलेल्या आदराचे आणि एखाद्या कुटुंबाच्या चिकाटीचे फळ आहे. त्या कष्टाला योग्य भाव मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे. वेदीवर मात्र आपण प्रतिष्ठा किंवा किंमत नेत नाही. द्राक्षवेलीचे निर्भेळ फळ नेतो. सांक्रिस्तीत भेट देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी प्रथम आपल्या धर्मगुरूंना विचारावे. सणाच्या मेजावर बाटली उघडणाऱ्यांनी, त्या मेजाभोवती बसलेल्यांपैकी कोणासाठी ती बंद राहणे हेच खरे प्रेम ठरेल, याचाही विचार करावा.